गुटी म्हणजे वरचं थोडंच

अंजनाबाई गोराईहून खाडी ओलांडून मासे घेऊन येते आणि बिल्डिंगमध्ये शिरली की पहिलं दार आमचं वाजवते. माझ्या सासूबाई घासाघीस करत नाहीत, म्हणून तिला बोहनी त्यांच्याच हातची लागते. त्या दिवशी त्या नुकत्याच आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून दार मी उघडलं. ओजस माझ्या खांद्यावर मान टाकून पेंगत होता. चार महिन्यांचं पोर, पण वजन असं की माझा खांदा भरून यायचा.

अंजनाबाईने टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि लांबूनच ओजसवरून ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"काय गो, गुटी मानवली की पोराला! कसा टम्म झालाय. मीच सांगितलेलं तुझ्या सासूला, मुरडशेंग घाल म्हणून. पोट साफ राहतं."

"कसली गुटी?" मी हसतच विचारलं. मला वाटलं, हिची दुसऱ्या कुठल्या तरी घराशी गल्लत झालीय.

"आता गो बाय! तुझ्याच घरातली. रोज उगाळते ना सुनंदाताई. परवा मी आले तेव्हा मांडीवर घेऊन बोंडल्यानं पाजत होती. तू झोपली होतीस."

त्यापुढे ती सुरमईबद्दल काहीतरी बोलली. मला तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.  ओजस हातून सुटेल अशी भीती वाटून मी त्याला घट्ट आवळलं, तसा तो रडायला लागला. "नंतर ये," म्हणून मी दार लावलं. तोंडावरच लावलं असणार, कारण बाहेरून "काय झाला हिला?" असं ऐकू आलं.

ओजसला पाळण्यात टाकून मी स्वयंपाकघरात गेले. देवघरातली सहाण जागच्या जागी होती, कोरडी, तिच्यावर गंधाचा पिवळा डाग. मग मी डबे ओढायला लागले. पिठाचा डबा, पोह्यांचा डबा, वरच्या फळीवरचा रव्याचा डबा. त्याच्या मागे जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली दुसरी सहाण निघाली. ओली. शेजारी प्लॅस्टिकच्या डबीत वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, खारीक आणि चांदीचं छोटं बोंडलं. बोंडल्याच्या चोचीला मधाचा चिकट थेंब लागला होता.

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले आणि माझे दात वाजायला लागले. एवढ्या उकाड्यात.

कुणी म्हणेल, एवढं काय? अख्खा महाराष्ट्र गुटीवर वाढला. खरंय. माझ्या सासूबाईंनीही तेच म्हटलं. त्यांना जे माहीत नव्हतं ते आता सांगते, म्हणजे माझे दात का वाजत होते ते कळेल.

मला एचआयव्ही आहे. जन्मापासून. आईकडून मला आला आणि आईला बाबांकडून. बाबांना कुठून, ते विचारायला मी मोठी होईपर्यंत तिघांतली मी एकटीच उरले होते. जोगेश्वरीच्या मामाने मला सांभाळलं. दहाव्या वर्षी सारखा ताप यायला लागला तेव्हा तपासणी झाली आणि गोळ्या सुरू झाल्या. आधी दिवसातून दोनदा, आता एकच गोळी. ही गोळी रोज घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनलाही सापडत नाही. तो मरत नाही, दबून बसतो. गोळी थांबली की डोकं वर काढतो. पण दबलेला असेपर्यंत मी तुमच्यासारखीच धडधाकट, आणि नवऱ्याला माझ्यापासून धोका नाही. निहारला हे मी लग्नाचा विषय निघायच्याही आधी सांगितलं होतं. तो आठवडाभर गप्प होता. मग एकदम डॉक्टरांकडे घेऊन चल म्हणाला आणि तिथे जाऊन त्याने इतके प्रश्न विचारले की मलाच लाज वाटली. दर वर्षी तो स्वतःचं रक्त तपासून घेतो. त्याला काही नाही.

त्याच्या आईला मात्र आम्ही सांगितलं नाही. "सांगू गं, वेळ आली की सांगू," असं निहार म्हणायचा. सासूबाईंनी माझ्या गोळ्या एकदा पाहिल्या तेव्हा तो पटकन म्हणाला, "थायरॉईड." मग सगळंच थायरॉईड झालं. दर सहा महिन्यांचं रक्त थायरॉईडचं. ओजसच्या टाचेतून रक्त घेतलं तेही थायरॉईडचं. जन्मल्यावर त्याला सहा आठवडे जे सिरप दिलं, ते व्हिटॅमिन. आमचं घर म्हणजे थायरॉईडचा दवाखानाच झालं होतं.

शर्मिष्ठा मॅडम, म्हणजे माझ्या डॉक्टर, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला ओळखतात. बाळंतपणाआधी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं: एक तर सहा महिने फक्त तुझं दूध, नाहीतर फक्त डब्याचं. दोन्ही मिसळायचं नाही. दुधाबरोबर पाणी नको, मध नको, काही म्हणजे काही नको. तान्ह्या बाळाच्या आतड्याचं अस्तर नाजूक असतं. बाहेरचं काही गेलं की ते दुखावतं, आणि दुधातून चुकूनमाकून विषाणू आलाच तर त्याला आत शिरायला वाट मिळते.

हे मी सासूबाईंना माझ्या परीने सांगितलं होतं. "आई, डॉक्टरांनी वरचं काही द्यायला बंदी केलीय. पाणीसुद्धा नाही." त्या म्हणाल्या होत्या, "बरं बाई." आणि मी विश्वास ठेवला होता.

बाथरूमचं दार उघडलं. सासूबाई केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. टेलिफोन खात्यात उभी हयात ऑपरेटर म्हणून गेली असल्याने त्यांचा आवाज नेहमी दोन खोल्या पलीकडे ऐकू जाईल असा असतो.

"पोर रडतंय, ऐकू येत नाही का गं?"

मी सहाण पुढे केली. "हे काय आहे?"

त्या एक क्षण चपापल्या. मग पंचा सारखा करत म्हणाल्या, "सहाण आहे. कधी पाहिली नाहीस?"

"तुम्ही ओजसला गुटी देता?"

"देते. चार वेढे उगाळते, जास्त नाही. ओरडतेस कशाला?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं, वरचं काही द्यायचं नाही!"

"मग वरचं कुठे दिलं मी? वरचं म्हणजे वरचं दूध, पेज, बिस्किट. गुटी म्हणजे वरचं थोडंच! गुटी म्हणजे गुटी. निहार वाढला, त्याचा बाप वाढला, मी वाढले. तुमच्या डॉक्टरांच्या आयांनी त्यांना काय पाजलं होतं ते विचार एकदा."

"कधीपासून?"

"सव्वा महिना झाल्यापासून. आणि हौस म्हणून नाही हं. त्याचं पोट गच्च व्हायचं. तू त्या थायरॉईडच्या गोळ्या घेतेस, त्या दुधात उतरतात. तुझ्या गोळ्या थांबवा म्हणावं तर माझं ऐकणार कोण? म्हटलं, निदान पोराच्या पोटात उतारा जाऊ दे."

 थायरॉईड. आम्ही दोघांनी हसतखेळत रचलेलं ते खोटं त्यांनी खरं मानलं होतं, त्यावर रोज विचार केला होता, काळजी केली होती, आणि त्याच काळजीने सहाण काढली होती. आम्ही थापा मारत होतो आणि त्या इथे उभ्या राहून त्या थापेवर औषध उगाळत होत्या.

आणि सव्वा महिना म्हणजे साधारण पहिली तपासणी झाली, सिरप थांबलं, तेव्हापासून. म्हणजे गुटीनंतर ओजसचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "मला थायरॉईड नाही. मला एचआयव्ही आहे."

त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मला कळलं, कारण पंच्यातून सुटलेली केसांची बट मागे सारायला वर गेलेला हात तसाच हवेत राहिला.

"कुणाला?"

"मला. जन्मापासून आहे. माझ्या आईकडून आला."

"निहारला?"

"नाही. त्याला नाही, दर वर्षी तपासतो. मी गोळ्या घेतलेल्या असल्या की होत नाही. ओजसलाही पहिल्या तपासणीत नव्हता. पण दुधाबरोबर बाहेरचं काही गेलं तर..."  मी आतड्याच्या अस्तराचं कसंबसं सांगितलं. तोंडातून शब्द बाहेर पडत होते, पण ते दुसरंच कुणीतरी बोलत असल्यासारखे वाटत होते.

सासूबाईंनी हात खाली घेतला आणि आपल्या उजव्या हाताच्या करंगळीकडे पाहिलं. बोंडल्यातला उरलेला थेंब त्या करंगळीने चाटवत असणार, हे मला तेव्हा समजलं.  इतकी वर्षं त्या बाईचा आवाज कधी खाली गेलेला मी ऐकला नव्हता. आता त्या पुटपुटल्या, "मी माझ्या हाताने..."

मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

मी निहारला फोन केला. त्याचं ऑफिस मालाडला. तो रिक्षाने धावत आला, तोवर ओजस रडून रडून झोपला होता. त्याला दूध पाजायलाही माझा धीर होत नव्हता. निहारने आईचं दार वाजवलं, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"आई, ऐक ना, आम्ही सांगणारच होतो..."

"कधी? माझ्या तेराव्याला?" आवाज परत आला होता. "लग्नाला तीन वर्षं झाली निहार, तीन वर्षं मी शेजारणींना माझ्या सुनेच्या थायरॉईडवर भाषणं देतेय. कोबी कमी खा, फ्लॉवर कमी खा. तुम्ही दोघं माझ्यामागे हसत असाल."

"तसं नाही गं. तुला धक्का बसेल म्हणून..."

"मग आता काय बसलाय? गुदगुल्या?"

 सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मी भात, आमटी आणि भाजी केली, पानं घेतली. त्या खोलीतूनच म्हणाल्या, "मला नको." मी मनात म्हटलं, झालं, सुरू झालं. मामीने माझं ताट वेगळं ठेवलं होतं, ते मला आठवलं. लग्न होऊन ज्या घरात आले तिथेही माझ्या हातचं अन्न नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निहार आणि मी ओजसला घेऊन निघालो, तर सासूबाई दारात उभ्या. इस्त्रीची सुती साडी, काखेत जड पिशवी.

"मी येतेय," म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

मॅडमच्या एचआयव्ही उपचार केंद्रावर मी दहाव्या वर्षापासून जाते. मामा मला फाटकाशी सोडायचा आणि समोरच्या पानाच्या टपरीवर उभा राहायचा. आत कधीच आला नाही. नावाचा पुकारा झाला की मी एकटी उठायचे, एकटी रक्त द्यायचे आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं लक्षात ठेवून बाहेर यायचे. बाहेर मामा विचारायचा, "झालं?" मी म्हणायचे, "झालं." त्यामुळे त्या दिवशी आमची वरात आत शिरली तेव्हा शर्मिष्ठा मॅडमही जरा चकित झाल्या.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. आतून सहाण काढली, डबी काढली, बोंडलं काढलं. एकेक वस्तू मांडली, पूजेचं साहित्य मांडावं तशी.

"हे सगळं मी उगाळून दिलं, डॉक्टर. रोज. वर मध. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दिलं मी. आता सरळ सांगा. माझ्या हातून गेलं का पोर?"

 मॅडमनी मुरडशेंग हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

"काकू, बसा आधी. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला देऊ नये, ते वेगळं. या बाळाला धोका आहे का, तर तो आईच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर आहे. तो दाबलेला असेल तर दुधातही जवळपास नसतो, आणि मग गुटीने एवढं बिघडत नाही. शून्य धोका असं मी म्हणणार नाही. पण गार्गीचे आजवरचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाळंतपणानंतर गोळ्या नीट चालू आहेत ना?"

मी खाली पाहिलं. हा प्रश्न येणार हे मला रात्रभर माहीत होतं.

"मधे काही चुकल्या," मी म्हणाले.

"काही म्हणजे?" निहारने एकदम विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"गेल्या महिन्यात. घर भरलेलं असायचं. मालिशवाली, पाहुणे, द्रौपदीमावशी चार दिवस राहायला. गोळ्या मी बाथरूममध्ये ठेवते, पॅडच्या पाकिटात. थायरॉईड म्हटलं तरी बाटलीवरचं नाव कुणीही वाचेल, आणि तिथे कुणी हात घालत नाही म्हणून. पण बाथरूमला जायचं तर कुणीतरी आत, नाहीतर कुणीतरी दाराशी. मग राहून जायची."

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "गोळ्या चुकवल्यास? पोर अंगावर पीत असताना? अगं, का?"

"तुम्ही घरात असायचात म्हणून."

हे मी भांडायला म्हटलं नव्हतं. खरं तेच बाहेर पडलं. पण कुणी कानाखाली मारावी तशा त्या परत खुर्चीत बसल्या. निहारने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्या क्षणी आमच्या तिघांचीही इतकी भीती वाटली की सांगता येत नाही. एकाच छपराखाली, एकाच पोरावर जीव टाकणारी तीन माणसं, आणि तिघांनी मिळून त्या पोराभोवती काय करून ठेवलं होतं!

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझं रक्त घेतलं. ओजसच्या टाचेला सुई टोचून कागदावर थेंब घेतले. तो किंचाळला तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटले. रिपोर्ट यायला काही आठवडे लागणार होते. तोवर बाळाला पुन्हा सिरप, माझी गोळी रोज ठरल्या वेळी, दूध चालू, आणि दुधाशिवाय थेंबभरही काही नाही.

"दूध तोडू नका घाबरून," मॅडम म्हणाल्या. "आणि काकू, घरात कुणालाही हिच्यापासून काही होत नाही. ताटवाटी, टॉवेल, मिठी, कशानेही नाही."

"ते मी विचारलं का?" सासूबाई फटकन म्हणाल्या आणि सहाण पिशवीत भरायला लागल्या.

ते आठवडे कसे गेले ते मी कुणाला सांगू शकणार नाही. रोज दूध पाजताना मला वाटायचं, मी याला जेवू घालतेय की विष? आणि रोज मॅडमचे शब्द मनात घोळवत पाजायचे. सासूबाई कामापुरतं बोलायच्या. ओजसचं सिरप मात्र त्यांनी आपल्याकडे घेतलं. चष्मा लावून, उजेडात धरून, मापाच्या रेघेवर डोळा ठेवून त्या ते भरायच्या. आणि रात्री रोज तेच, "मला नको." पान मांडायचं नाही. मीही मग विचारायचं सोडलं. मला राग येत होता, आणि राग आला की मी गप्प होते. निहारला म्हटलं, "बघ, तुझी आई माझ्या हातचं खात नाही." तो म्हणाला, "वेळ दे तिला." या घरात सगळ्या गोष्टींना वेळच द्यायचा होता.

मधेच त्या कुठूनही प्रश्न टाकायच्या. कपडे वाळत घालताना, "डास चावला तर?"

"नाही होत. डासाच्या पोटात तो जगत नाही."

भाजी निवडताना, "तुझ्या आईला कळलं होतं का, आपल्याला काय झालंय ते?"

"बहुतेक शेवटी."

"सोबत कोण होतं?"

"मी."

 त्या मेथी निवडत राहिल्या, देठंही पानांत टाकत.

एकदा द्रौपदीमावशी आल्या. या सासूबाईंच्या थोरल्या बहीण, मुलुंडला राहतात आणि रिकाम्या हाताने कधी येत नाहीत. ओजसला मांडीवर घेऊन त्यांनी पर्समधून मधाची बाटली काढली, बोट बुडवलं आणि ते बोट त्याच्या ओठांकडे नेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधीच सासूबाईंनी मावशींचं मनगट धरलं होतं. इतकं जोरात की मध साडीवर सांडला.

"सुनंदा! वेड लागलं का तुला?"

"नाही द्यायचं."

"अगं, बोटभर मध! आपण काय..."

"पाणीसुद्धा नाही. सहा महिने फक्त आईचं दूध."

मावशींनी माझ्याकडे तिरका कटाक्ष टाकला. "हल्लीच्या सुनांचं एकेक खूळ. आणि तू त्यांच्या तालावर नाचतेस?"

"सुनेचं नाही, माझं खूळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाला काय द्यायचं ते मी ठरवणार. तुला राग आला असेल तर चहा पी आणि राग गिळ."

मावशी चहा न पिताच गेल्या. खालच्या मजल्यापर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. सासूबाईंनी ओजसला उचललं, त्याचे ओठ आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसले, पुन्हा पुसले, आणि मग मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? पाज त्याला." मी त्याला घेतलं. 

रिपोर्ट आल्याचा फोन आला त्या दिवशी आम्ही परत चौघं गेलो. बाहेर बाकावर बसलो. मी मनात हिशोब मांडून ठेवला होता. रिपोर्ट वाईट आला तर या घरात मला जागा नाही. चांगला आला तर ओजसला जागा आहे, माझं काय ते नंतर बघतील. दोन्हींत मी कुठे उरते ते मला दिसत नव्हतं. ओजस वाचला तर मला काहीही चाललं असतं, हे मात्र मी त्याच्या टाळूवर ओठ टेकून शपथ घेऊन ठरवलं होतं.

मॅडमनी आम्हाला बसायलाही दिलं नाही. आत शिरतानाच म्हणाल्या, "बाळाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

निहार भिंतीला टेकला आणि हमसून हमसून रडायला लागला. मी ओजसला छातीशी धरून उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. क्षणभरच. मग डोळे उघडून त्यांनी मॅडमना विचारलं,

"आणि हिचं?"

मी मागे वळून पाहिलं. खरंच सांगते, मागे वळून पाहिलं, आणखी कुणाबद्दल विचारतायत म्हणून. त्या खोलीत माझ्याबद्दल कुणी विचारण्याची मला सवयच नव्हती. मामा फाटकाबाहेर. निहार येऊ लागला तेव्हापासून त्याचे सगळे प्रश्न आधी स्वतःसाठी, मग ओजससाठी. त्याचा दोष नाही, मीच तसं शिकवलं होतं. पण या बाईने नातवाची बातमी ऐकून श्वासही पुरा घेतला नव्हता, तोच माझं विचारलं होतं.

"हिचं काय आलं?" त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी टेलिफोन खात्याच्या आवाजात. "चुकवलेल्या गोळ्यांनी हिला काही झालं नाही ना?"

"नाही काकू. हिचाही चांगला आहे. विषाणू सापडत नाही."

"म्हणजे बरी आहे?"

"अगदी बरी आहे. फक्त गोळी चुकता कामा नये. आणि बाळाच्या तपासण्या अजून संपलेल्या नाहीत, सहा महिन्यांचा झाला की एक, मग दूध सुटल्यावर शेवटची. तेव्हा ढिलाई नको."

"ढिलाई कोण करतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. 

मला तेव्हा रडू आलं. नाक, डोळे, सगळं एकदम. ओजस माझ्याकडे टकामका बघत होता.

परत येताना आम्ही रिक्षा केली. बोरिवलीचा पूल ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज रात्री वरणभात कर गं साधा. भूक लागलीय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही जेवणार?"

"मग? रिपोर्ट येईपर्यंत रात्रीचं अन्न सोडलं होतं. आला रिपोर्ट."

"अन्न सोडलं होतं?" माझा आवाज फाटला. "मला वाटलं, माझ्या हातचं..."

"मूर्ख आहेस का? दुपारी मग कुणाच्या हातचं गिळत होते मी? अंजनाबाईच्या?"

निहार एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मला हसू आलं नाही. खरंच की. दुपारी त्या रोज जेवत होत्या, माझ्यासमोर, दोन पोळ्या आणि वर भात. मी रोज वाढत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आठ वाजता मी सवयीने बाथरूममध्ये गेले, कडी लावली, पाकिटातून बाटली काढली. गोळी हातावर घेतली आणि नळाखाली ओंजळ धरली. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"गार्गी, काय करतेस आत?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला माझं एकच उत्तर तयार असायचं. ते जिभेवर आलंसुद्धा. मग मी नळ बंद केला.

"गोळी घेतेय, आई."

 बाहेरून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"संडासात कुणी औषध घेतं का? बाहेर ये आधी. स्वयंपाकघरात पाणी भरून ठेवलंय, आणि भात निवतोय."